आयडलला बंद पडणारी जुनी आउटबोर्ड: कार्बोरेटर साफ करायचा की नवा बसवायचा?

रेस दिली की मोटर झकास चालते आणि बोट काठाला लावायला वेग आयडलवर (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) आणला की बंद पडते. कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या जुन्या आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे लावतात त्या मोटरची, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बोटीवरचा ताबाच जातो, म्हणून ती अंगावर काढू नये. माझं मत आधीच सांगतो: बहुतेक मोटरींना नवा कार्बोरेटर लागत नाही, आहे तोच नीट साफ करावा लागतो.

पण दोष कार्बोरेटरचाच आहे ना, हे आधी बघा. मोटर आचके द्यायला लागली की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबा. तेवढ्यावर ती सावरली तर फ्युएल पंप, नळीतली गळती किंवा टाकीचं बंद राहिलेलं हवेचं झाकण तपासा. बल्ब घट्ट असूनही बंद पडते का? मग चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) किंचित ओढा. चोकने सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघून घ्या. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल तर कार्बोरेटरवर पैसे घालवू नका.

आयडलचं पेट्रोल पायलट जेट या छोट्या पितळी नळीतून येतं आणि त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. मोटर महिनोन्महिने उभी राहिली की उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर सगळ्यात आधी तिथेच बसतो. जोरात चालताना पेट्रोल देणारा मेन जेट मोठा असल्यामुळे तेव्हा काही जाणवत नाही. फ्लोटची वाटी (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) उघडा: तळाशी पिवळट राळ, कधी पाण्याचे थेंब दिसतात. जेट काढून उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसत नसेल तर चोर सापडला.

साफ करण्याचा खर्च म्हणजे क्लिनर आणि गॅस्केट-नीडलचं (सांध्यातल्या पट्ट्या आणि पेट्रोल अडवणारी सुई) किट. वेळ मात्र द्यावा लागतो. मिक्श्चर स्क्रू (आयडलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते लिहून ठेवा, कारण जोडताना तोच आकडा लागतो. जेटमध्ये लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ते माप परत येत नाही. रबरी भाग क्लिनरपासून दूर ठेवा आणि प्रत्येक वाटेतून हवा मारा.

नवा कार्बोरेटर तासाभरात बसतो, हा त्याचा मोठा फायदा. पण जुन्या मॉडेलचा कंपनीचा माल बरेचदा मिळत नाही आणि हातात येते ती नक्कल. तिचे जेट मूळ मापाचे असतीलच असं नाही. टू-स्ट्रोकमध्ये हा धोका गंभीर आहे: तेल पेट्रोलमध्ये मिसळून जात असेल तर पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पूर्ण वेगात पिस्टन जाम होऊ शकतो. नक्कल घेतलीच तर जुने आणि नवे जेट शेजारी ठेवून त्यांवरचे आकडे जुळवा.

तरीही काही वेळा नवाच घ्यावा. थ्रॉटलचा (रेस कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा बोटाने हलवून बघा. तो भोकात खडखडत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही साफ केलं तरी आयडल स्थिर होत नाही. खाऱ्या पाण्याने बॉडी खाल्ली असेल किंवा मिक्श्चर स्क्रू आत तुटला असेल, तरीही जुन्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आयडलचा स्क्रू पिळून नुसती रेस वाढवून ठेवणं हा पर्याय मी धरतच नाही. मोटर बंद पडायची थांबते, पण गियर टाकताना खाडकन आवाज येतो, तो डॉग क्लचच्या (गियर जोडणाऱ्या दातेरी भागाच्या) कडा झिजवणारा.

काहीही निवडा, शेवटचं सेटिंग बोट पाण्यात पक्की बांधून, मोटर गरम झाल्यावर आणि गियरमध्ये असताना करा. बाहेर पाण्याची नळी लावून जुळवलेला आयडल प्रोपेलरवर भार आला की पुन्हा खाली जातो.