सोसायटीच्या पडद्यावर कोण: कवट्या महाकाल, मालेगावचा सुपरमॅन की युगांडाचा कॅप्टन अ‍ॅलेक्स?

गणपतीत एक संध्याकाळ सिनेमासाठी राखायची, हे ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये चालतं. घोडबंदर रोडच्या टॉवरात क्लबहाऊस असतं, वर्तकनगरच्या जुन्या इमारतींत पार्किंगमध्ये चादर ताणली की काम होतं. यंदा तुमच्या मंडळात ‘मारधाडीचा, साहसाचा आणि पोट धरून हसवणारा, पण कमी पैशांत केलेला सिनेमा’ असा विषय निघाला असेल, तर माझ्या मते तीन नावांवर गंभीरपणे विचार करावा: महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’, फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आणि युगांडाचा ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’.

निवड करताना मी एकच बघतो. पैसे नव्हते म्हणून जी शक्कल लढवली, ती पडद्यावर दिसते का? स्वस्त सिनेमे पुष्कळ निघतात आणि त्यातले बहुतेक कंटाळवाणे असतात. ज्यात दिग्दर्शकाची धडपड दिसते आणि आपण त्याच्या बाजूचे होऊन हसतो, तोच सिनेमा दीडशे माणसांना एकत्र धरून ठेवतो.

‘धडाकेबाज’ १९९० चा. तिघांत सगळ्यात सोपी निवड हीच. भाषेची अडचण नाही, आजोबांपासून दुसरीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना कळतो. कवटीचा मुखवटा चढवलेला कवट्या महाकाल आणि बाटलीत कोंडलेला गंगाराम झालेले लक्ष्मीकांत बेर्डे, एवढं म्हटलं तरी चाळिशीपुढची मंडळी खुर्च्या पुढे ओढतात. मराठीतला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, त्यामुळे पडदा जितका रुंद लावाल तितका शोभतो. हिंदीच्या मानाने तुटपुंज्या पैशांत कोठाऱ्यांनी मोठा पडदा, खलनायकाचा अड्डा आणि बाटलीतल्या माणसाची करामत असं सगळं बसवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. अडचण एवढीच की बहुतेकांनी तो टीव्हीवर अनेकदा पाहिलेला असतो. ओळखीचे प्रसंग आले की टाळ्या पडतात आणि मध्ये गप्पा सुरू होतात. शिवाय गाण्यांसकट पूर्ण लांबीचा सिनेमा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आहे, म्हणजे आरती-प्रसाद आटोपून साडेआठला सुरुवात केली तर शेवटची मारामारी मुकी बघावी लागेल.

मालेगावचं प्रकरण निराळं आहे. ठाण्याहून नाशिकला जाणारा आग्रा रोड तसाच पुढे धरला की मालेगाव लागतं. आपल्या भिवंडीसारखंच यंत्रमागाचं गाव, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी आधी गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि मग थेट सुपरमॅनला गावात आणायचं ठरवलं. त्या चित्रीकरणाचा माहितीपट म्हणजे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तो २००८ चा, पण आपल्याकडे चित्रपटगृहांत आला २०१२ मध्ये.

सुपरमॅन झाला आहे शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा तरुण. निळा पोशाख, छातीवर अक्षर, आणि वरच्या चड्डीची नाडी पुढे लोंबतेय. ही नाडी दिसली की सगळा हॉल हसतो, हमखास. पण मला ती जागा आवडते ती पुढच्या प्रसंगांमुळे. कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणून सायकल वापरतात. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवं कापड ताणतात आणि त्यासमोर शफीकला आडवा धरतात. संगणकावर हिरवा रंग काढून टाकला की मागे आभाळ बसवता येतं. मोठ्या स्टुडिओतही तत्त्व हेच, फक्त तिथे कापडाला सुरकुती पडत नाही. नासिर हे सगळं स्वतःच शिकले आहेत आणि एखादी युक्ती जमली की त्यांचा चेहरा फुलतो. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो. त्या वेळी हॉलमध्ये जो ‘अरेरे’ उमटतो त्यावरून समजावं की हसणारी माणसं आता त्या टोळीत सामील झाली.

एक गोष्ट मंडळाने आधी ध्यानात घ्यावी: हा माहितीपट हसवता हसवता घसा दाटवतो. पटकथा लिहिणाऱ्या फरोग जाफरी यांना मुंबईची ओढ आहे आणि मुंबई काही बोलावत नाही. मुंबईच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या ठाणेकराला ते ऐकताना वेगळं लागतं. शफीक पुढे कर्करोगाने गेला. हे माहीत असून पुन्हा बघितलं की तीच लोंबती नाडी बघवत नाही. निव्वळ धमाल हवी असलेल्यांना हा भाग जड वाटू शकेल. मला विचाराल तर तो जडपणाच या माहितीपटाचं बळ आहे. भाषा हिंदी-उर्दू, सगळ्यांना समजणारी. आणि लांबी साधारण तासाभराची, म्हणजे दहाच्या आत आरामात आटोपतो.

याच गोष्टीवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ केला, तो २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. अभिनय उत्तम आहे, शशांक अरोरांचा शफीक लक्षात राहतो. पण सोसायटीला एकच दाखवायचा असेल तर आधी माहितीपट. खरी सायकल, खरं कापड आणि खरा शफीक तिथेच भेटतो.

आता कॅप्टन अ‍ॅलेक्स. कंपालातल्या वाकालिगा या गरीब वस्तीत आयझॅक नाब्वाना यांनी २०१० मध्ये हा सिनेमा केला. खर्च दोनशे डॉलरच्या आत झाल्याचं सांगितलं जातं. आपल्या हिशोबात एखाद्या मंडळाचा मंडपाच्या झालरीवरचा खर्च याहून जास्त असेल. संगणक त्यांनी जुने सुटे भाग जमवून स्वतः जोडला. बंदुका भंगारातून बनवल्या, त्या कामात डाउडा बिसासो यांचा हात. गोळी लागल्यावर रक्त उडावं म्हणून निरोधमध्ये लाल रंग भरून तो शर्टाच्या आत बांधायचा आणि दोरीने फोडायचा. हेलिकॉप्टर संगणकावरचं आहे आणि ते कंपालावर बॉम्ब टाकतं. कॅप्टनचा भाऊ कुंगफूवाला, तो सूड घ्यायला निघतो. आणि एवढं सगळं होऊन कॅप्टनला मारलं कोणी, हे शेवटपर्यंत कळतच नाही!

याचं खरं आकर्षण मात्र गोष्टीबाहेर आहे. युगांडात व्हिडिओ हॉलमध्ये परदेशी सिनेमा चालू असताना एक माणूस माईकवर बसून तो समजावत, चिडवत, रंगवत जातो. त्याला व्हीजे म्हणतात. या सिनेमावर व्हीजे एमी यांचा आवाज कायमचा चढलेला आहे. कोपरी काय किंवा कोपरखैरणे काय, टेनिस बॉलच्या स्पर्धेत माईकवाला जसा साध्या एका धावेचीही लढाई करून टाकतो, तसाच हा माणूस. मारामारी सुरू व्हायच्या आधीच तो तुम्हाला सावध करतो, सुरू झाली की नाचतो, प्रसंग संथ झाला की पुढे काय येणार याचं आमिष दाखवतो. टिंगलीला जागाच उरत नाही, कारण सगळ्यात आधी आणि सगळ्यात प्रेमाने हसणारा माणूस सिनेमातच बसला आहे. मूळ प्रत हाती नाही: पुढच्या सिनेमासाठी जागा करायला नाब्वानांना ती संगणकावरून पुसावी लागली. उरली ती हीच व्हीजेच्या आवाजाची प्रत. चित्र अस्पष्ट आहे, मोठ्या पडद्यावर आणखी अस्पष्ट दिसेल, पण आवाज खणखणीत असला तर कोणी तक्रार करत नाही. म्हणून या सिनेमासाठी प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर खर्च करा.

अडचणी दोन. लुगांडा संवाद, इंग्रजी सबटायटल आणि इंग्रजीतली व्हीजेगिरी, त्यामुळे ज्येष्ठांना अर्धं डोक्यावरून जाईल. यावर उपाय आहे: सोसायटीत स्पर्धांना माईक धरणारा कोणी असेलच, त्याला मूळ आवाज हळू करून मराठीत समालोचन करायला बसवा. मात्र वस्तीच्या गरिबीवर किंवा माणसांच्या रंगावर एकही विनोद करायचा नाही, हे त्याला आधीच बजावून सांगा. तसं झालं तर सगळी संध्याकाळ नासते. दुसरी अडचण रक्ताची. ते खोटं आहे हे लांबूनही कळतं, तरी अगदी लहान मुलं असतील तर विचार करा. सिनेमा निर्मात्यांनीच यूट्यूबवर मोफत ठेवला आहे, तासाभराहून थोडा मोठा. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्क कोणाकडे आहेत ते तिन्ही सिनेमांच्या बाबतीत आधी विचारून घ्यावं. घरी बघणं वेगळं आणि मंडपात लावणं वेगळं.

माझा कौल मालेगावला. सगळ्या वयाची माणसं समोर असतील, वेळ मोजका असेल, तर दुसरा विचार करू नये. गर्दी मुख्यतः लहान मुलांची आणि आजी-आजोबांची असेल तर ‘धडाकेबाज’ लावा, पण मग रविवारी दुपारी चार वाजता. कॅप्टन अ‍ॅलेक्स कॉलेजच्या पोरापोरींसाठी, विसर्जनानंतरच्या एखाद्या शनिवारी, हॉलची दारं लावून. ज्यांना दोन दिवस मिळणार आहेत त्यांनी आधी मालेगाव आणि मग कंपाला असा क्रम ठेवावा. हिरव्या कापडाची मेहनत बघून आलेला प्रेक्षक ते संगणकी हेलिकॉप्टर जास्त आपुलकीने बघतो.

आणि तुमच्या सोसायटीत फोनवर शॉर्टफिल्म काढणारी दोन-चार पोरं असतील, तर त्यांच्यापुरतं चौथं नाव: रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा १९९२ चा ‘एल मारियाची’. सुमारे सात हजार डॉलरमध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद अकुन्या या सीमेवरच्या गावात केलेला. त्यातले काही पैसे रॉड्रिगेझ यांनी औषधांच्या चाचणीसाठी स्वतःला भरती करून मिळवले. ट्रॉलीऐवजी व्हीलचेअर. कॅमेरा आवाज न टिपणारा, त्यामुळे आवाज वेगळा टिपून नंतर जुळवलेला. सिनेमा स्पॅनिश आहे, हिंसा बरीच आहे, मुलांना दाखवायचा नाही आणि जाहीर कार्यक्रमाला तर नाहीच. पण शिकायला याच्यासारखा दुसरा नाही. त्यातल्या बंदुका एक बार उडवून अडकायच्या, म्हणून प्रत्येक बार वेगळ्या कोनातून टिपला आणि पुढचा धडाका संकलनात व ध्वनीत उभा केला. पोरांना गोळीबाराचा तो प्रसंग आधी आवाजासकट दाखवा, मग आवाज पूर्ण बंद करून, आणि एका तुकड्यात बंदूक खरोखर किती वेळा उडते ते त्यांनाच मोजू द्या.