‘चिनी झाडाची पूड’ म्हणून आम्हाला काय विकलं गेलं

गेल्या वर्षी अप्पांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली: तीन आठवड्यांतून एकदा सलाईन आणि त्यानंतर चौदा दिवस गोळ्या. अशा दोन फेऱ्या, म्हणजे सायकल, झाल्या होत्या, तेव्हा आत्याच्या ओळखीतून एक माणूस कोल्हापुरात आमच्या घरी आला. तो काय काय बोलला ते मी नीट लिहिणार आहे. आमची फसवणूक त्या बोलण्यानेच केली, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं.

त्याने एका झाडाचा फोटो दाखवला, खाली चिनी अक्षरं. म्हणाला, “ताई, याचं नाव शीशू, म्हणजे आनंदाचं झाड. चीनमधले वैद्य हे वापरतात. अमेरिकेत यातूनच कॅन्सरवरचं द्रव्य काढलं. आणि काढणारा माणूस कुठला? आपल्या नंदुरबारचा!” त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी याच झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं आणि १९६६ मध्ये ते जाहीर केलं. पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य भारतातल्या एका झाडातही सापडलं. ते झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नरक्या. फुलांच्या घाण वासामुळे त्याला हे नाव पडलं. तो माणूस आंबोलीकडच्या जंगलातून नरक्याचं लाकूड आणून पूड करतो, असं म्हणाला होता. सगळं जुळलं. मी तिथेच वाचन थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला.

एका महिन्याचे १४,००० रुपये. दोन महिन्यांचे आगाऊ घेतले, मोबाइलवरून, एका बाईच्या खात्यावर. पाव चमचा कोमट पाण्यातून, सकाळ-संध्याकाळ. पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही. बिल मागितलं तर म्हणाला, “वनस्पती आहे ओ ताई, हिला कसलं बिल?” आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, “डॉक्टरांना सांगू नका, ते बंद करायला लावतात. जुलाब झाले तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय समजायचं.”

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. यातलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या या गप्प बसण्याने झालं.

सहाव्या दिवशी अप्पांना जुलाब लागले. मी फोन केला, तर त्याचं तेच, विष बाहेर पडतंय. नवव्या दिवशी ते संडासातून भिंत धरून बाहेर आले आणि तिथेच खाली बसले. ओठ कोरडे पडलेले, डोळे आत गेलेले. रात्री दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून १,८०० वर आल्या होत्या. पाच दिवस सलाईन चढवलं आणि पुढची केमो तीन आठवडे लांबली.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, “बाहेरचं काही चालू आहे का?” दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी अप्पांनीच उशाखालचं पाकीट काढून दिलं.

डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि मी जिथे वाचन सोडलं होतं, तिथून पुढचं सांगितलं. कॅम्पटोथेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्याचा क्षार करून सत्तरच्या दशकात पेशंटवर चाचण्या झाल्या. कुणाला भयंकर जुलाब, कुणाच्या लघवीतून रक्त, कुणाच्या पेशी कोसळलेल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या. हे द्रव्य कॅन्सरच्या पेशीत नेमकं कुठे घाव घालतं, ते १९८५ च्या सुमारास कळलं. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, त्याला हे द्रव्य अडकवून ठेवतं. पण भरभर वाढणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजातही असतात, म्हणून त्यांनाही फटका बसतो. रेणूत बदल करून त्याची इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही दोन औषधं झाली, आणि अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली ती १९९६ साली. मूळ शोधापासून तीस वर्षं!

त्यातलं इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर देतात. म्हणजे अप्पांच्याच आजारावर. डॉक्टर म्हणाले, “पुढे गरज पडली तर मी तेच देईन. पण उंची आणि वजन घेऊन मिलिग्रॅम ठरवीन, आधी रक्त तपासीन, जुलाबाच्या गोळ्या आधीच हातात देईन. तुमच्या पाव चमच्यात किती द्रव्य होतं, होतं तरी का, ते कोण सांगणार? एका झाडात एक प्रमाण, दुसऱ्यात दुसरं.”

मग ते जे म्हणाले, ते मला आजही झोपू देत नाही. अप्पांच्या केमोच्या गोळ्यांनीही जुलाब होतात. त्यामुळे हे गोळ्यांनी झालं की पुडीने, ते त्यांना ठरवता येईना. पुढच्या सायकलला गोळ्यांचा डोस कमी करावा की तोच ठेवावा? शेवटी त्यांनी कमी केला. तो कमी करायची गरज होती की नव्हती, हे आता कुणालाच कळणार नाही.

त्या माणसाचा फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला तक्रार लिहिताना कळलं. आत्या अजून माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवत नाही. तिने मायेपोटी त्याला आणलं होतं. माझा तिच्यावर राग नाही.

पूड करड्या-पिवळ्या रंगाची आहे, फार कडू, साध्या पारदर्शक पिशवीत, तोंड मेणबत्तीने चिकटवलेलं. विकणारा नंदुरबारच्या शास्त्रज्ञाचं नाव आवर्जून घेतो. तुमच्या घरात कुणी ती घेत असेल तर आज थांबवा. पिशवी फेकू नका. ती घेऊन केमो देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस, किती वेळा दिली ते तारखांसकट सांगा. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.