घरून हॉस्पिटलचा ईमेल: ब्राउझर, फोनवरचं ॲप की व्हीपीएन?

घरून हॉस्पिटलचा मेल बघायचा तर साधारण चार वाटा आहेत: स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड लावणं, ब्राउझरमध्ये वेबमेल उघडणं, फोनवर ॲप घेणं, आणि व्हीपीएन (घरचं मशीन हॉस्पिटलच्या आतल्या नेटवर्कला जोडणारी सोय) किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप (हॉस्पिटलच्या सर्व्हरवरचा कॉम्प्युटर घरून वापरणं) यांतून आत जाणं. मी एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात आहे. "यातलं सगळ्यात सेफ कोणतं?" असं डॉक्टर लिफ्टपाशी थांबवून विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो: काम आटोपून उठलात की त्या मशीनवर मागे काय राहतं? आणि ते मशीन घरात आणखी कोण वापरतं?

फॉरवर्डची वाट आधी निकालात काढू. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण पेशंटचे रिपोर्ट तुमच्या खासगी खात्यात जाऊन बसतात, नोकरी सोडली तरी तिथेच राहतात आणि हॉस्पिटलला ते पुसता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच रिपोर्ट पाठवणं हाही त्यातलाच प्रकार. एन्क्रिप्शनमुळे वाटेत कोणी वाचू शकत नाही, पण फोटो गॅलरीत उतरतो आणि तिथून बॅकअपला जातो, त्याचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंड हॉस्पिटलला होईल, पण फॉरवर्ड कोणाच्या खात्यातून लावला होता हे शोधायला वेळ लागत नाही.

खरी निवड ब्राउझर आणि ॲप यांच्यात आहे.

ब्राउझर

काही इन्स्टॉल करायला नको, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं, मोठ्या स्क्रीनवर लांबलचक मेल नीट वाचता येतो. तत्त्वतः लॉगआउट केलं की मागे काही राहत नाही. प्रत्यक्षात तीन गोष्टी राहतात.

पहिली, डाउनलोड झालेल्या फाइल. एमआरआयचा रिपोर्ट एकदा क्लिक केला की पीडीएफ डाउनलोड्स फोल्डरमध्ये, मुलीच्या भूमितीच्या वर्कशीटशेजारी. इनकॉग्निटो विंडो वापरली म्हणून ती फाइल पुसली जात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर हॉस्पिटलने न दिलेल्या कॉम्प्युटरवर अटॅचमेंट फक्त बघता येईल, उतरवता येणार नाही, असं सेटिंग करता येतं. तुमच्याकडे ते चालू आहे का, हे आयटीला जरूर विचारा. बरेचदा कोणी मागितलेलं नसतं म्हणून चालू केलेलं नसतं.

दुसरी, पासवर्ड. लॉगिन केल्यावर कोपऱ्यात "पासवर्ड सेव्ह करायचा का?" अशी छोटी चौकट येते आणि हात आपोआप "हो" वर जातो. क्रोममध्ये तुमचं खासगी जीमेल लॉगिन असेल आणि सिंक चालू असेल, तर हॉस्पिटलचा पासवर्ड तिकडे जाऊन बसतो. ऑक्टा ही कंपनी लॉगिनची सुरक्षा विकते. २०२३ मध्ये तिच्याच एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये खासगी गूगल खातं उघडलं होतं, आणि एका सर्व्हिस अकाउंटचा (माणसाऐवजी प्रोग्राम वापरतात अशा खात्याचा) पासवर्ड त्या खात्यात सेव्ह झाला होता. पुढच्या घुसखोरीची वाट बहुधा तीच, असं कंपनीनेच सांगितलं. कामासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलं तर हा घोळ बराचसा टळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चालू सेशन, म्हणजे एकदा केलेलं आणि उघडं राहिलेलं लॉगिन. घरच्या लॅपटॉपवर कोणी क्रॅक केलेला गेम उतरवला आणि त्याबरोबर चोरटा प्रोग्राम आला, तर तो ब्राउझरमधल्या कुकीज (हे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतो. त्या हातात आल्या की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून लॅपटॉप सगळ्यांचा असेल तर ब्राउझरची वाट मी सुचवत नाही. निदान विंडोजवर स्वतःचं वेगळं यूजर खातं तरी हवं.

फोनवरचं ॲप

इथे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला प्रकार म्हणजे फोनबरोबर आलेल्या मेल ॲपमध्ये हॉस्पिटलचं एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची मेल यंत्रणा) खातं टाकणं. तेव्हा फोन एक परवानगी मागतो, त्यात सगळा डेटा पुसण्याचा अधिकारही असू शकतो. ती कोणी वाचत नाही. फोन हरवला आणि आयटीने पूर्ण वाइपचा, म्हणजे सगळा फोन दुरून पुसण्याचा, आदेश दिला, तर मेलबरोबर लग्नाचे फोटोही जातात.

दुसरा, अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल. फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा होतो आणि त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते. त्यातला मजकूर कॉपी करून खासगी व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट होऊ नये, अशी बंदी घालता येते. फोन हरवला तर तेवढाच कप्पा पुसला जातो. "मग तुम्हाला माझे फोटो दिसणार का?" हे मला हमखास विचारलं जातं. नाही दिसत. तुमच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर खासगी बाजूचे फोटो, चॅट आणि ॲप आयटीला बघता येत नाहीत. आयफोनवर अशी ब्रीफकेस दिसत नाही, पण आउटलुक ॲपला हॉस्पिटलची पॉलिसी लावली की वेगळा पिन आणि फक्त कामाचा डेटा पुसणं, दोन्ही जमतं.

एक अडचण खास आपल्याकडची. व्हिजिटिंग कन्सल्टंट दोन-तीन हॉस्पिटलं करतात आणि एका अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाइल एकच बसतं. अशांनी जिथलं काम जास्त त्या हॉस्पिटलला फोनवर जागा द्यावी, बाकीच्यांचा मेल ब्राउझरमध्ये बघावा. आणि कोणताही फोन असो, लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमधून मेलचा मजकूर काढून टाका. ओपीडीच्या टेबलावर पालथा न ठेवलेला फोन समोरच्या पेशंटला दुसऱ्या पेशंटचं नाव दाखवतो.

व्हीपीएन आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप

"व्हीपीएन लावलं म्हणजे सेफ" हे अर्धवट खरं आहे. वेबमेल आधीच एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत वाचता न येणाऱ्या जोडणीवर, चालतो, त्यामुळे नुसत्या मेलसाठी व्हीपीएन फार काही वाढवत नाही. प्ले स्टोअरवरचं फुकट व्हीपीएन तर वेगळीच गोष्ट. त्याचा हॉस्पिटलशी संबंध नाही, ते काढून टाका. हॉस्पिटलचं व्हीपीएन घरचा लॅपटॉप आतल्या नेटवर्कला जोडतं. लॅपटॉप स्वच्छ नसेल तर त्यातली घाणही आत येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले आणि नोंदणी हाताने करावी लागली. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असं सरकारने संसदेत सांगितलं. अशा जागी घरचं मशीन थेट जोडायला मी तयार होणार नाही.

व्हर्च्युअल डेस्कटॉप त्यापेक्षा बरा. मेल हॉस्पिटलच्या सर्व्हरवरच उघडतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं. बिलिंगच्या लोकांसाठी माझं मत यालाच. टीपीएच्या (विम्याचे दावे तपासणाऱ्या एजन्सीच्या) क्वेरीला रात्री उत्तर द्यायचं तर आधार कार्ड, पॉलिसी, डिस्चार्ज समरी असं सगळं हाताळावं लागतं आणि एचआयएसही (हॉस्पिटलचं पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) उघडं लागतं. वेग मात्र घरच्या इंटरनेटवर अवलंबून. ब्रॉडबँड रडत असेल तर टाइप केलेलं अक्षर उमटायची वाट बघत बसावं लागतं.

हा दरवाजाही दुसऱ्या कुलपाशिवाय, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीशिवाय, उपयोगाचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिलं हाताळणाऱ्या कंपनीत चोर शिरले ते सिट्रिक्सच्या रिमोट पोर्टलमधून (दुरून आत जायच्या दरवाजातून), चोरलेला पासवर्ड वापरून. त्या पोर्टलवर दुसरी पडताळणी लावलेलीच नव्हती, हे तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखाने अमेरिकी संसदेत कबूल केलं. म्हणून वाट कुठलीही घ्या, दुसरी पडताळणी चालू आहे ना, हे आधी बघा. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये स्क्रीनवरचा आकडा टाकायचा प्रकार त्याहून बरा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी किल्ली) सगळ्यात चांगली, कारण खोट्या लॉगिन पानावर ती चालतच नाही. तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर "अप्रूव्ह करा" आलं तर नकार द्या आणि पासवर्ड बदला.

फक्त मेल वाचून दोन ओळींचं उत्तर द्यायचं असेल, तर निवासी डॉक्टर, नर्सिंग इन-चार्ज, कन्सल्टंट अशा बहुतेकांना वर्क प्रोफाइल पुरतं. लांब लिहायचं असेल आणि लॅपटॉप एकट्याचा असेल तर ब्राउझर. एचआयएस लागत असेल तर व्हर्च्युअल डेस्कटॉप, आणि व्हीपीएन फक्त हॉस्पिटलने दिलेल्या लॅपटॉपवर.

फोन हरवला तर "सकाळी बघू" म्हणू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा फुटल्याचं किंवा कोणी खात्यात शिरल्याचं लक्षात आल्यापासून हॉस्पिटलने ६ तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे, आणि आम्हाला वाइपचा आदेश फोन चालू आहे तोवरच पोचवता येतो. आयटीच्या ड्यूटीचा नंबर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा. हरवलेला असेल तो तुमचाच.