माध्यमिक शाळेत जाताना: जुन्या मित्रांबरोबर की एकट्यानं?

जुनी गँग सोबत असली की पहिल्या दिवशी बाकावर शेजारी कोण, डबा कुणाबरोबर खायचा, हे प्रश्नच नसतात. पण तीच टोपणनावं, तेच रुसवेफुगवेही मागोमाग येतात.

एकट्यानं गेलात तर पहिला आठवडा जड जातो, खोटं कशाला बोला. मात्र प्रयोगशाळेत शेजारच्या अनोळखी मुलानं निळा लिटमस लिंबाच्या रसात बुडवला, तो लाल झाला आणि दोघंही एकदम 'अरे!' म्हणालात, की झाली ओळख. दर तासाला नवे शिक्षक. त्यांच्या लकबींवर हसायलाही कुणीतरी लागतंच. शिवाय तुम्ही पूर्वी 'रडूबाई' होतात, हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं!

माझं मत एकट्यानं जाण्याला. जुने मित्र संध्याकाळी खेळायला असतातच की.