‘व्हिनेगर गर्ल’: त्राटिका यावेळी बालवाडीत भेटते

बालवर्गाला शिकवताना मला अठरा वर्षं झाली. अमेरिकन लेखिका ॲन टायलरची ‘व्हिनेगर गर्ल’ ही कादंबरी हातात घेतली ती शेक्सपिअरसाठी नाही, नायिका बालवाडीत मदतनीस आहे एवढं कळलं म्हणून. दोन रात्रींत वाचून झाली. मग शाळेतल्या तिघींनी ती मागून नेली.

शेक्सपिअरच्या ज्या नाटकावर ती बेतली आहे, ते आपल्याला परकं नाही. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘त्राटिका’ या नावाने मराठीत आणलं. फटकळ बाई म्हणजे राक्षसीण, हा निकाल नावातच लागला. मूळ नाटकात नवरा बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, सूर्याला चंद्र म्हणायला लावतो, आणि शेवटी ती भरल्या मेजवानीत नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याचं व्याख्यान देते. याला विनोद म्हणणं मला कधी जमलं नाही. शेक्सपिअरची नाटकं आवडत नाहीत असं खुद्द टायलरनेही उघडपणे सांगितलं आहे. तरी शेक्सपिअरच्या मृत्यूला ४०० वर्षं झाली त्या साली, २०१६ मध्ये, तिने ही गोष्ट नव्याने लिहिली. मला वाटतं, नावडीमुळेच ती इतकी चांगली उतरली.

अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. केट २९ वर्षांची. आई नाही, बहीण बनी १५ वर्षांची, आणि वडील संशोधक. त्यांना प्रयोगशाळेतल्या उंदरांपलीकडे काही दिसत नाही. घरात आठवडाभर एकच जेवण: मांस, भाज्या, कडधान्यं एकत्र शिजवून वाटलेला करडा लगदा. पोषण मिळतं ना, मग झालं. वडिलांचा रशियन सहायक प्योतर याच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. तो गेला तर संशोधन बसेल, म्हणून वडील उपाय काढतात: केटने त्याच्याशी लग्न करावं. डबा घरी विसरलो म्हणून ते केटला प्रयोगशाळेत बोलावतात, दोघांचे मोबाईलवर फोटो काढत सुटतात, कारण सरकारी अधिकाऱ्यांना प्रेमाचा पुरावा दाखवायचा आहे. या प्रसंगांना मी मोठ्याने हसले.

पण मला धरून ठेवलं ते शाळेने. एका मुलीला बोटं चोखायची सवय असते, तिच्या वडिलांना केट असं काही उत्तर देते की मुख्याध्यापिका तिला बोलावून घेते. मुलांना मात्र केट आवडते, कारण ती त्यांच्याशी लाडीक आवाजात बोलत नाही. हे अगदी खरं आहे. चार वर्षांच्या मुलाला खोटा सूर लगेच कळतो. आणि मग केटचं लग्न ठरल्याचं शाळेत समजतं, तसा तिचा भाव एकदम वधारतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. मीटिंगमध्ये तीन वर्षं माझं बोलणं अर्ध्यावर तोडणाऱ्या बाईंनी माझं लग्न ठरलं त्याच आठवड्यात ‘तुला काय वाटतं गं?’ असं विचारलं होतं. माझं काम तेच होतं, मुलंही तीच.

प्योतरची भाषा हा दुसरा मोठा आनंद. इंग्रजीत नामाआधी येणारी ‘a’, ‘the’ ही उपपदं रशियनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे तो जिथे अडखळतो तिथे आपणही शाळेत अडखळलेलो असतो. हळूहळू केटच्या लक्षात येतं की मोडक्या वाक्यांमागे तिच्याइतकंच गुंतागुंतीचं मन आहे. पुस्तकाचं नाव त्याच्याच तोंडून येतं. व्हिनेगरपेक्षा मधाने माश्या जास्त सापडतात, ही म्हण केट ऐकवते. तर तो विचारतो, माश्या धरायच्याच कशाला, व्हिनेगर गर्ल? इथे कोणी कोणाला वठणीवर आणत नाही, आणि हाच मला टायलरने केलेला सगळ्यात मोठा बदल वाटतो.

बनीच्या शिकवणीवाल्याचं प्रकरण मला पातळ वाटलं. लग्नाच्या दिवशी उंदीर गायब होतात तो भाग धावपळीचा आहे, मजा येते.

तक्रार शेवटाबद्दल आहे. इथेही केट भाषण करते, पण आज्ञेत राहण्याचं नाही. पुरुष असणं अवघड असतं, त्यांना दुःख लपवायला शिकवलेलं असतं, म्हणून मी त्याला माझ्या प्रदेशात जागा देते आहे, असा त्याचा आशय. मला ते पटलंही आणि टोचलंही. मुलीच्या आयुष्याचा सौदा करणाऱ्या वडिलांना पुस्तक फार लवकर सोडून देतं. ते विसरभोळे आहेत, प्रेमळ आहेत, सगळं मान्य. पण वर्षानुवर्षं घर सांभाळणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा तरी नीट विचारायला हवं होतं.

तरी वाचा. इंग्रजी सोपं आहे, मूळ नाटक आधी वाचायची गरज नाही. त्या भाषणाच्या पानावर मी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. प्रत तिघींकडे फिरून परत आली तेव्हा त्याच्याखाली कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आणि बाबांना कोण सांगणार?’