थांबायचं की व्हॅक्यूम लावायचा?

नेरूळला माझ्या नणंदेचं बाळंतपण. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटीमीटर उघडलेलं, ती जोर लावतेय, दोन तास झाले तरी बाळ बाहेर येईना. सासूबाईंचं एकच, ‘डॉक्टर, आता काढा हो बाळाला!’

पहिलटकरणीला या टप्प्यात 3 तास लागू शकतात, दुसऱ्या खेपेला 2. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनाही हेच सांगतात. बाळाचे ठोके चांगले असतील, डोकं थोडं थोडं खाली सरकत असेल, तर थांबण्यात चूक नाही. पण दर कळेला वारेतून येणारं रक्त कमी होतं, आणि वेळ लांबला की बाळाला सावरायला उसंत मिळत नाही. मग अपगार गुण (जन्मताच बाळाची तब्येत जोखणारे गुण) कमी येणं, श्वासाला मदत लागणं, जंतुसंसर्ग, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागणं, यांची शक्यता वाढते. तरीही बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात, हे घाबरलेल्या घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

व्हॅक्यूमने, म्हणजे बाळाच्या डोक्याला हवा ओढणारा कप लावून बाहेर काढल्याने, सुटका लवकर होते. ठोके घसरत असतील तर ती मिनिटं फार मोलाची. कपामुळे डोक्यावर आलेला फुगवटा एक-दोन दिवसांत उतरतो. कातडीखालचा मोठा रक्तस्राव क्वचित होतो, पण तो गंभीर असतो. डोकं पुरेसं खाली आलं नसेल तर व्हॅक्यूम नकोच, सिझर बरं.

मी तरी घड्याळापेक्षा ठोक्यांवर विश्वास ठेवीन. नणंदेच्या बाळाचे ठोके नीट होते, म्हणून डॉक्टर थांबल्या. आणखी अर्ध्या तासाने मुलगी झाली, लगेच रडलीसुद्धा.