वेकसर्फिंगचा पहिला तास आणि नंतरचे सहा महिने

एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस या तळ्यावर मी वेकसर्फिंगचा, म्हणजे मोटरबोटीमागे उठणाऱ्या लाटेवर बोर्डवर उभं राहून सरकत जाण्याचा, पहिला तास घेतला. आता ऑक्टोबर चालू आहे आणि मधल्या काळात पंधरा वेळा बोटीमागे गेले, त्यातले दोन दिवस वेकबोर्डवर. ओळखीतल्या चार जणींनी एकच प्रश्न विचारला, "पहिल्या दिवशी नक्की काय करायला लावतात गं? मला जमेल का?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं ते इथे एकत्र लिहिते. माझं वय ४४, वजन ६८ किलो. शाळेत कुठल्या खेळात नव्हते. पोहायला शिकले ती कोल्हापूरजवळ मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून.

आधी दोन्हींतला फरक, कारण बुकिंग करतानाच तो ठरवावा लागतो. वेकबोर्डमध्ये पाय बुटांत पक्के अडकवलेले असतात, बोटीला बांधलेला दोर लांब असतो, बोट ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळते आणि शेवटपर्यंत दोर धरून राहायचं असतं. वेकसर्फमध्ये पाय मोकळे, बोट ताशी १६ ते १९ किलोमीटर, आणि एकदा लाट सापडली की दोर सोडून द्यायचा. बोटीच्या पोटातल्या टाक्यांत तळ्याचं शेकडो किलो पाणी भरून ती जड करतात. त्याने मागे उठणारी लाट मोठी होते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच शिकणाऱ्या कुणालाही मी वेकसर्फच सुचवेन.

पहिल्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून दोन तासांसाठी बोट घेतली, शिकवणारीसकट. पाण्यात माझ्या वाट्याला आली जेमतेम पंचवीस मिनिटं, दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत. आधी हे कमी वाटलं. पण दुसऱ्या पाळीनंतर मनगटापासून कोपरापर्यंत हात असे भरून आले की बाटलीचं झाकण फिरेना. एकटीने तासभर घेण्यापेक्षा तिघाचौघांत घ्या. पैसेही वाटले जातात आणि दुसऱ्याचं पडणं बघून निम्मं कळतं.

काठावर पहिला प्रश्न, पुढचा पाय कुठला? शिकवणारीने मला न सांगता मागून हलकेच ढकललं, माझा उजवा पुढे पडला. उजवा पुढे असणाऱ्यांना बोटीच्या उजव्या बाजूची लाट, डावा पुढे असणाऱ्यांना डावीकडची. म्हणजे तोंड लाटेकडे राहतं.

मग पाण्यात उताणं तरंगायचं. बोर्ड समोर आडवा, टाचा त्याच्या कडेवर, गुडघे छातीशी, हात सरळ. बोट हळू पुढे सरकली की टाचा दाबायच्या, बोर्ड आपोआप उभा होऊन तळव्यांना लागतो. इथवर सगळ्यांना जमतं. पुढच्या दोन सेकंदांत मी सहा वेळा पडले आणि सहाही वेळा कारण एकच. विहिरीतून कळशी काढताना दोर आपण ओढतो. हातांना तेवढंच ठाऊक. ताण आला की मी दोर छातीकडे ओढायचे, वजन मागे जायचं, बोर्ड पुढून निसटायचा आणि नाकात पाणी. शिकवणारी दर वेळी तेच सांगायची, "ओढू नका. बोट ओढेल. तुम्ही बसून राहा."

सातव्यांदा मी बसून राहिले. उकिडवी, अंगणात भांडी घासायला बसावं तशी, हनुवटी वर, नजर बोटीवरच्या लेकीकडे. बोर्ड पाण्यावर आला हे आधी पायांना कळलं. खालचं पाणी एकाएकी घट्ट झालं. त्यानंतर उठून उभं राहणं सोपं होतं. ज्यांना उकिडवं बसायची सवय आहे त्यांना इथे खरंच फायदा होतो. नसेल तर आधीचे पंधरा दिवस रोज पाच मिनिटं बसा.

दोर सोडणं पहिल्या दिवशी झालं नाही, ते तिसऱ्या खेपेला. पुढच्या पायावर वजन टाकलं की वेग वाढतो, मागच्या पायावर टाकलं की कमी होतो, हे तोंडपाठ होतं. पण पाय ते शिकायला वेळ घेतात. एका सकाळी दोर हातात असूनच सैल पडला. बोट मला ओढत नव्हती, लाट ढकलत होती. मी दोर बोटीत फेकला आणि अकरा सेकंद तशीच उभी होते. सेकंद लेकीने मोजले. ती नुकतीच तेरा वर्षांची झाली होती. टेक्सासमध्ये चालकाखेरीज मागे लक्ष ठेवणारं किमान १३ वर्षांचं माणूस लागतं, नाहीतर बोटीला मागचं दाखवणारा आरसा. हे काम तिने सहा महिने मन लावून केलं.

वेकबोर्डबद्दल थोडक्यात. उभं राहणं मला तितकंच जमलं, पडणं मात्र वेगळंच. बोर्डाची पुढची कड पाण्यात रुतली की माणूस त्या वेगात तोंडावर आपटतं. माझा कान दोन दिवस दुखला. तिशीच्या आतल्यांनी जरूर करा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. दुसऱ्यांदा आम्ही दुसऱ्या एका बोटवाल्याकडे गेलो. इंजिन चालू असताना त्याने मुलांना बोटीच्या मागच्या फळीवर, जिथून पाण्यात उतरतात तिथे, पाय सोडून बसू दिलं. इंजिनाचा धूर तिथेच साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो बोट लागली. माझ्या लेकीचं तसंच झालं. मी बोट काठाला घ्यायला लावली आणि तिथे परत गेले नाही. बुकिंगआधी विचाराच: बोट इनबोर्ड आहे का, म्हणजे तिला पुढे ढकलणारा पंखा बोटीच्या पोटाखाली आहे का? माणूस फळीजवळ येताना इंजिन पूर्ण बंद करता का? बोटीच्या मागे बाहेर निघालेल्या पंख्यामागे वेकसर्फ करायचंच नसतं, कारण इथे आपण बोटीपासून काही फुटांवर असतो. उत्तर देताना कुणी कां-कूं केली तर फोन ठेवून द्या.

पहिल्या दिवशी भाड्याचं लाइफ जॅकेट पडल्यावर कानापर्यंत वर यायचं, म्हणून मे महिन्यात स्वतःचं घेतलं, निओप्रीनचं (रबरासारखं मऊ कापड), अमेरिकन कोस्ट गार्डची मान्यता असलेलं. पातळ, दिसायला छान अशा कित्येक जॅकेटांना ती नसते. आतला शिक्का बघून घ्या. घालून कुणालातरी खांद्यांतून वर ओढायला सांगा, हललं नाही तर माप बरोबर. सहा महिन्यांत चेन उत्तम आहे, शिवण कुठे उसवली नाही. गाडीत ओलं ठेवलं तर वास मारतं, म्हणून सावलीत उलटं टांगते. बोर्ड पाच फूट दोन इंची, नवशिक्यांसाठी जाड. त्याच्या वरच्या रबरी पट्टीची एक कड ऑगस्टच्या उन्हात सुटली, चिकटवून घेतली. पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट हवाच, नाहीतर जॅकेटने काखा सोलतात.

शनिवारी दुपारी जाऊ नका. इतक्या बोटी असतात की पाणी खवळलेलं राहतं. सकाळी सातला, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, तळं तव्यासारखं सपाट असतं. काठापासून लांब, खोल पाण्यात फिरवणारा चालक निवडा. या लाटेने काठावरचे लोकांचे बोटी लावायचे धक्के हादरतात आणि तिथे बांधलेल्या बोटी आदळतात.

त्या चौघींपैकी दोघी येत्या बुधवारी माझ्याबरोबर येताहेत. दोघींना सांगून ठेवलंय, नखं कापा आणि अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घरी काढून ठेवून या.